दार नसलेली खोली

"दिलीपभाऊ, आमच्या मशीनवर हा चालेल का?"

नाशिकला पंचवटी कारंज्याजवळ, पूजासाहित्याच्या दुकानावरच्या माळ्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे इतक्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या हातात नव्या गेमची सीडी, आणि घरी चार-पाच वर्षांपूर्वी मीच जोडून दिलेला कॉम्प्युटर. गेम दर वर्षी जड होत जायचे. मशीन मात्र होती तेवढीच राहायची. त्या दोघांचं जमवून देणं हा माझा धंदा.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांना मी स्वयंपाकघराचं उदाहरण द्यायचो. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, सगळं सामान तिथे. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असेल तर पन्नास माणसांचा स्वयंपाक त्यावर होत नाही. मग एक तर ओटा वाढवायचा, नाहीतर पंगत कमी करायची. ओटा वाढवायला लोक तयार नसत, म्हणून मी पंगत कमी करायचो. गेममधल्या सावल्या काढायच्या, गवत काढायचं, पाण्याच्या लाटा थांबवायच्या, झाडांची पानं कमी करायची. चित्र लहान करायचं, रंग उतरवायचे. एवढं करून गेम रडत-रखडत सुरू झाला की गिऱ्हाईक खूश.

मात्र असा सोलून काढलेला गेम बघायला कधीकधी बरं वाटायचं नाही. आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींना क्रिकेटच्या गेमचं भारी वेड. सकाळची पूजा आटोपली की सोवळं सोडून ते बॅटिंगला बसत. नव्या सालचा गेम त्यांच्या मशीनवर चालेना, म्हणून मी स्टेडियममधले प्रेक्षकच काढून टाकले. गेम पळायला लागला. चार दिवसांनी गुरुजी जिना चढून आले.

"दिलीप, मैदानात चिटपाखरू नाही रे. पण चौकार मारला की टाळ्या वाजतात. कोण वाजवतं?"

मी हसून सांगितलं, की प्रेक्षकांचं चित्र काढलंय, आवाज तसाच राहिलाय. त्यांना ते पटलं, पण आवडलं नाही. "तो आवाज पण काढ बाबा. रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून खेळवत नाही."

आवाज काढला. ते हसण्यावारी गेलं. पण दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात जे घडलं, ते हसण्यावारी गेलं नाही. या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा आधी तेच आठवलं, आणि लिहावं की नाही यावर मी बराच काळ घालवला. ज्यांच्यावर बेतलं त्यांची आणि त्यांच्या घराची खूण पटणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

मंगलाबाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. माझ्या बहिणीला त्यांनी शिकवलेलं, त्यामुळे मला एकेरीत हाक मारायचा हक्क त्यांनी आपणहून घेतला होता. एकट्या राहत. भाचीने त्यांना एक गेम लावून दिला होता. त्यात एक गाव असतं, रिकामे प्लॉट असतात. आपण घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं, कामावर पाठवायचं. मारामारी नाही, हारजीत नाही. बाई त्याला भातुकली म्हणत. त्या भातुकलीचा नवा, वाढीव भाग निघाला आणि बाई सीडी घेऊन माझ्याकडे आल्या.

"चालेल का रे?"

चालणार नव्हता. ओटाही लहान होता आणि कोठीही भरलेली. पण माझ्याकडे एक जुनी मशीन येऊन पडली होती. विंचूरच्या पलीकडे, मळ्यातल्या एका दुमजली घरातून मी ती विकत आणली होती. त्यातली रॅमची पट्टी आणि मोठी हार्ड डिस्क बाईंच्या मशीनमध्ये बसवता येत होती. त्या डिस्कवर हाच भातुकलीचा गेम आधीपासून होता, त्यामुळे नवा भाग थेट त्यावर चढवता आला. खरं तर दुसऱ्याची डिस्क गिऱ्हाइकाला देताना ती पूर्ण पुसून, म्हणजे फॉरमॅट करून द्यायची असते. मी कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला.

"दिलीप, माझ्या गावात कुणाला आणून ठेवलंयस?"

"म्हणजे?"

"तू ये. फोनवर नको."

मी गेलो. पडद्यावर गेममधलं गाव. बाकी सगळे प्लॉट रिकामे आणि कोपऱ्यात एक दुमजली घर. बाईंनी ते उघडलं. खालच्या मजल्यावर दोन माणसं होती. एकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'आई' लिहिलेलं, दुसऱ्याच्या 'दादा'. बाईंनी वरचा मजला दाखवला. वर एकच खोली. पलंग, एक खिडकी, कोपऱ्यात संडास. खोलीला दार नव्हतं. आत एक मुलगी होती, तिचं नाव 'मी'.

ती मुलगी पलंगापासून खिडकीपर्यंत जात होती, परत येत होती. मग मध्येच थांबायची, आमच्याकडे तोंड करायची आणि दोन्ही हात वर करून हलवायची.

"ही अशी का करते?" बाईंनी विचारलं.

"बाई, या गेममध्ये माणसाला भूक लागली आणि जेवणापर्यंत जायला रस्ता नसला, की ते खेळणाऱ्याला हात करून सांगतं. तसं लिहिलेलंच आहे त्यात."

"ते मला माहिती आहे. मी तिला काल दार करून दिलं. भिंतीला दार लावलं, ती बाहेर आली, खाली जाऊन जेवली. मला बरं वाटलं. मग गेम मध्येच बंद पडला, पुन्हा लावला तर दार गेलेलं. तेव्हा मी हे उघडलं."

गेममध्ये फोटोंचा अल्बम असतो. खेळता खेळता चित्र काढून ठेवायचं आणि त्याखाली दोन ओळी लिहायच्या. बाईंनी तो उघडला. पन्नासेक चित्रं होती. सगळी त्याच घराची. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. बाई वाचत गेल्या.

"आज दादाने फोन काढून नेला."

"आज बाहेरून कडी लावली. आई म्हणते थोडे दिवस."

या चित्रापर्यंत खोलीला दार होतं. पुढच्या चित्रात दार नव्हतं. खाली लिहिलेलं होतं, "दार आहे पण उघडत नाही. म्हणून मी काढून टाकलं. असंच खरं दिसतं."

मग दिवसामागून दिवस. "खिडकीतून हिरवी टाकी दिसते, मागे शेवगा. शेवग्याला फुलं आली." "आज आईने ताट आत सरकवलं, बोलली नाही." "दादा माझ्या सगळ्या फाइल तपासतो. गेम मात्र तो उघडत नाही, म्हणून इथे लिहिते." आणि शेवटच्या चित्राखाली, "उद्या कॉम्प्युटर विकणार. ज्याच्याकडे जाईल त्याने".

वाक्य तिथेच संपलं होतं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "ही मशीन कुठून आणलीस?"

ते घर मला आठवत होतं. कॉम्प्युटर आधीच खालच्या खोलीत आणून, वायरी गुंडाळून ठेवलेला होता. तिशीतला एक गडी, बोलायला नीटस. म्हणाला, बहिणीचा होता, ती दिवाळीलाच सुरतला मावशीकडे गेली, आता पडून आहे. मी मशीन तपासत असताना वर कुणीतरी चालत होतं. सात-आठ पावलं एका बाजूला, थोडं थांबून सात-आठ पावलं परत. मी मान वर केली तेव्हा त्याची आई म्हणाली, "मांजर हाय." मी मान खाली घातली आणि स्क्रू पिळत बसलो. मांजराची पावलं वाजत नाहीत, हे कळायला मला बाईंच्या घरातल्या या पडद्यापर्यंत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीने विंचूरला उतरलो. बाई म्हणाल्या होत्या, आधी डोळ्यांनी बघू, मग तोंड उघडू. मशीनची एक सीडी राहिली, असं निमित्त ठरवलं. घरात आई एकटीच होती, मुलगा मार्केटला गेलेला. सीडी शोधायला ती आत गेली आणि मी परसात गेलो. हिरवी टाकी होती. तिच्यामागे शेवगा होता, शेंगा लटकत होत्या. मी वर पाहिलं. खिडकी नव्हती. भिंतीच्या जुन्या पिवळ्या रंगात एक चौकोन तेवढा राखाडी होता. ताजं प्लॅस्टर. अजून रंगसुद्धा दिलेला नव्हता.

भर उन्हात मी त्या चौकोनाकडे बघत राहिलो. आतून काही आवाज आला असं मी सांगणार नाही, कारण आला नाही. परसात बारीकसाही आवाज नव्हता.

मी आत आलो तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मुलगी कशी आहे तुमची?"

"बरी हाय. सुरतला हाय, मावशीकडं. लय सुखात हाय," ती माउली मोठ्याने म्हणाली, दाराबाहेर मळ्यात काम करणाऱ्या गड्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि हे बोलताना तिची मान नाही नाही अशी हलत होती. पूर्ण वाक्यभर हलत होती. डोळे बाईंच्या डोळ्यांवरून हटत नव्हते.

बाईंनी पेला खाली ठेवला. "येतो आम्ही," एवढंच म्हणाल्या.

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार साहेब मध्यमवयीन, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुम्हाला हे गेममध्ये दिसलं?"

"हो साहेब."

"आणि त्या बाई तोंडाने काय म्हणाल्या?"

"सुरतला आहे म्हणाल्या."

"मग मी काय लिहू? मान हलवली असं लिहू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "गुरुजनांबद्दल मला आदर आहे. पण कुणाच्या घरात शिरायचं तर माझ्या हातात काहीतरी पाहिजे. मशीन आणा. मला स्वतःला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपमध्ये बाईंचा कॉम्प्युटर घातला. मॉनिटर बाईंनी मांडीवर घेतला, चादरीत गुंडाळून, वर हात ठेवून. नाशिकच्याच द्वारका चौकात गाडी अडकली तेव्हा त्या म्हणाल्या, "उघडेल ना रे तिथे?" मी हो म्हणालो. माझी खात्री नव्हती.

कारण घोळ मीच घातला होता. नवा भाग चढवल्यावर गेमने ते जुनं गाव आपल्या नव्या पद्धतीत बदलून घेतलं होतं. आता ते घर फक्त नव्या गेममध्येच उघडणार होतं, आणि तो नवा गेम त्या म्हाताऱ्या मशीनला पेलत नव्हता. दोन पट्ट्या लावूनही ओटा जेमतेम पुरत होता. बाईंच्या घरी तो पाचात दोनदा बंद पडे.

ठाण्यात टेबलावर मशीन मांडली. मे महिना, पत्र्याची शेड, विजेचा दाब कमी. गेम सुरू केला. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत अर्ध्यावर आली आणि तिथेच थिजली. पाच मिनिटं वाट पाहून मी मशीन बंद केली. पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मला दुसरीकडे जायचंय," ते म्हणाले. बाई माझ्या हातांकडे बघत होत्या.

आयुष्यभर जे पोरांच्या हौसेसाठी केलं, ते त्या दिवशी केलं. मशीनचं झाकण काढलं. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले, पुन्हा बसवल्या. हवालदारांचा टेबल फॅन मागून घेतला आणि थेट आत सोडला. गेमचा आवाज पूर्ण बंद केला. रंग कमी केले, चित्र सर्वांत लहान केलं. गावातले बाकीचे सगळे प्लॉट, झाडं, रस्त्यावरून फिरणारी माणसं, सगळ्या फाइल बाजूला काढून ठेवल्या. एक घर सोडून गावात काही ठेवलं नाही. बोटं घामाने माउसवरून सरकत होती.

तिसऱ्यांदा लावलं. पट्टी अर्ध्यावर आली, थांबली. मी डिस्कच्या आवाजाकडे कान लावला. खर्र, खर्र. जिवंत होती. पट्टी पुढे सरकली.

पडदा काळा होता. रस्ता नाही, गवत नाही, आकाश नाही, आणि मधोमध ते घर. बाईंनी लावलेलं दार गेम बंद पडला तेव्हाच गेलं होतं. खोली तशीच बंद होती. 'मी' पलंगापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. मशीन इतकी मंद होती की एकेक पाऊल वेगळं दिसत होतं. मग ती वळली, आमच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. तोंड उघडत-मिटत होतं. आवाज मी बंद केलेला.

साहेबांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "ही माझ्याकडे बघतेय का?"

"रस्ता सापडला नाही की गेममधली माणसं असंच करतात, साहेब."

त्यांनी अल्बम वाचला. पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, घाई न करता. मग विचारलं, "हे कधी लिहिलं ते कळतं का?" मी फाइलींच्या तारखा काढून दाखवल्या. रोज एक, किंवा एक दिवसाआड. शेवटची तारीख मी मशीन आणली त्याच्या आदल्या दिवसाची.

"आणि भाऊ म्हणतो दिवाळीला गेली."

"मला तसंच सांगितलं."

साहेब उठले. बाहेर जाऊन म्हणाले, "गाडी काढा. आणि महिला शिपाई बरोबर घ्या."

आम्हाला त्यांनी नेलं नाही. दोन तासांनी जीप परत आली. आतून उतरलेल्या मुलीने डोळ्यांवर हात आडवा धरला होता. मेचं ऊन तिला सहन होत नव्हतं. तिला इथे वैशाली म्हणतो. वय बावीस. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली, मुलगा दुसऱ्या समाजातला, तेवढंच कारण. वरच्या खोलीच्या दाराबाहेर कपाट उभं करून ठेवलेलं होतं. मंगलाबाई पुढे झाल्या आणि काही न विचारता आपला पदर तिच्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, सावलीसाठी.

पुढचं थोडक्यात. केस झाली. डिस्क मुद्देमाल म्हणून जमा झाली. वैशाली बाईंकडेच राहिली. ज्याच्यासाठी हे सगळं झालं, त्याचं लग्न तोवर दुसरीकडे झालं होतं. तिने राहिलेलं वर्ष पूर्ण केलं आणि नोकरी धरून नाशिक सोडलं. आई मधूनमधून बाईंच्या घरी येऊन तिला भेटायची. दोघी फारसं बोलत नसत, असं बाई सांगायच्या.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते. लोकांनी माझं कौतुक केलं, साहेबांनी पाठ थोपटली. पण ती मशीन मी आणली त्याच दिवशी दुकानात लावून पाहिली होती. गेम दिसला, चालतो का म्हणून उघडला. दार नसलेली खोली पाहिली. हात हलवणारी मुलगी पाहिली. कुणा पोराचा चावटपणा, म्हणून हसलो आणि बंद केलं. मशीन फळीवर ठेवून दिली. बाई सीडी घेऊन आल्या त्या सोळा दिवसांनी.

वैशाली नाशिक सोडण्यापूर्वी आभार मानायला दुकानात आली, तेव्हा मला राहवलं नाही. हे सगळं तिला सांगितलं. म्हटलं, त्याच दिवशी अल्बम उघडला असता तर.

ती रागावली नाही. एखाद्याला माहिती द्यावी तशी म्हणाली, "तेव्हा खिडकी होती."

मशीन गेल्यावर सातव्या-आठव्या दिवशी तिने खिडकीतून वाटेवरच्या एका बाईला हाक मारली होती. त्यानंतर गवंडी आला. पुढचे दिवस तिने अंधारात काढले, ते दिवस मोजायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. माझ्याकडे कॅलेंडर होतं.

यानंतर बरीच वर्षं मी दुकान चालवलं. जुन्या डिस्क येतच राहिल्या. आधी पुसायचा कंटाळा करायचो, नंतर पुसायला वेळ लावायला लागलो. प्रत्येक डिस्क आधी लावायचो आणि शेवटच्या फाइलीपर्यंत बघायचो. लग्नाचे फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, कुणाचे नोकरीचे अर्ज, अर्धवट सोडलेले गेम. काही गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही. दिलीपभाऊ दुसऱ्याच्या घरात डोकावतात, असंही बोललं गेलं. मी वाद घातला नाही. वाचायचो नाही काही, नुसतं बघायचो. सगळ्या खोल्या फिरून आत कुणी राहिलेलं नाही ना, एवढी खात्री झाली की मगच पुसायचो.